गाडीखालचे चार ठोकळे

काचवाल्याला सासरी कोणी कधी काही विचारत नसे, आणि हेच त्याचं जुनं दुखणं होतं. फ्रिज कुठला घ्यावा, दाढ काढावी की भरावी, भाड्याच्या घराचा करार नीट आहे की नाही, सगळे प्रश्न घेऊन माणसं साडूकडे धावायची. आणि हा साडू म्हणजे, राग धरावा तर तेवढीही सोय नाही. आधी जरा गप्प बसणार, मग दोन वाक्यं बोलणार आणि वर म्हणणार, मला आपलं असं वाटतं, पुढे तुमचं तुम्ही बघा. बरं, त्याचं म्हणणं चुकायचंही नाही. माणसानं वीस वर्षांत एकदा तरी चुकावं की नाही? काचवाला वाट बघून थकला होता.

तसा आपला माणूस हाताचा पक्का. खिडक्या-दारांना काचा बसवायचं काम, स्वतःचं छोटंसं दुकान आणि दुकानासमोर उभी पिकअप. माप बायको घ्यायची, काच तो कापायचा. हिऱ्यानं एक रेघ, खालून एक टिचकी, की काच रेघेवर सरळ सुटायची. हौद्यात लाकडी घोडा होता. त्याला काचा उभ्या टेकवायच्या, मधे पुठ्ठा, खाली रबर, वरून पट्टा आवळायचा, आणि दोघांनी पुढे बसून निघायचं. पंधरा वर्षं त्यांचा अर्धा संसार त्या गाडीतच झाला म्हणा ना.

घोळ सुरू झाला तो शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत. घरं उभी राहिली होती, रस्ता व्हायचा होता. नुसती चाकोरी पडलेली, आणि तिच्या मधल्या उंचवट्यावर काचवाल्याची पिकअप पोट टेकून बसली. मागची चाकं गरगर फिरतायत, गाडी हलत नाही, हौद्यात बारा मोठ्या काचा. मुकादम हसतोय, गवंडी फुकटचे सल्ले देतायत, आणि नेमकं अशा वेळी कोण यावं? साडू! तो पिण्याच्या पाण्याचे मोठे जार घरोघरी पोचवायचा. त्याचीही पिकअपच, पण नवी आणि मुळातच जरा उंच. त्यानं काही न बोलता दोर बांधला, हळूहळू ओढलं, गाडी सुटली आणि एकही काच फुटली नाही. दोर गुंडाळताना तो इतकंच म्हणाला की साडूबुवा, तुमची गाडी ह्या कामाला जरा बुटकी पडते. मनात काही वाईट नव्हतं हो त्याच्या. पण ते 'बुटकी' काचवाल्याच्या जिव्हारी लागलं. जेवताना तेच, काच कापताना तेच.

आठवड्याभरात त्यानं एक खोकं मागवलं. खोक्यावर डोंगर चढणाऱ्या गाडीचं चित्र, आत लोखंडाचे चार ठोकळे. दोन पुढच्या स्प्रिंगांवर घालायचे, दोन मागच्या पाट्यांखाली, आणि ते आवळायला लांब बोल्ट. चांगल्या सामानाच्या पाव किमतीत गाडी तीन इंच वर. मिस्त्रीनं एक ठोकळा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि नाक मुरडलं. गाडी उंच करायची तर दांड्या, सांधे, शॉकअप, सगळंच त्या उंचीचं लागतं, असं त्याचं म्हणणं. "माणसाच्या टाचांखाली विटा बांधल्या तर तो उंच दिसेल हो, पण गुडघे कोणाचे जातील?" काचवाला म्हणाला, तुम्ही बसवा, गुडघ्यांचं मी बघतो. मिस्त्रीनं बसवले. गिऱ्हाइकापुढे शहाणपण किती पाजळायचं, त्यालाही मर्यादा असते.

गाडी दिसायला रुबाबदार झाली, खोटं कशाला बोला. पहिले आठ दिवस काचवाला दुकानासमोर गाडी लावायचा, मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडे जायचा आणि तिथून तिच्याकडे बघत उभा राहायचा. वसाहतीतला तो उंचवटा त्यानं मुकादमाच्या नाकावर टिच्चून पार केला. शेजारचा शिंपी म्हणाला, काय काचवाले, आता शिडी लावून चढता की काय? ह्याला तोही मानच वाटला.

मग एकेक सुरू झालं. खड्ड्यातून चाक वर आलं की पुढून धाड असा आवाज. संध्याकाळी समोरून येणारे ड्रायव्हर दिव्यांची उघडझाप करून शिव्या घालायला लागले, कारण ह्याच्या दिव्यांचा झोत रस्ता सोडून थेट त्यांच्या डोळ्यांत. पुढचे टायर आतल्या कडेनं गुळगुळीत व्हायला लागले. आणि काचा! पंधरा वर्षांत वाटेत फुटलेल्या काचा बोटांवर मोजाव्यात, आता आठवड्याला एक तरी खालच्या कोपऱ्यातून तडकायची. काचवाला म्हणायचा, हल्ली मालच हलका येतोय. बायको एकदाच बोलली, की अहो, ही गाडी आधीसारखी चालत नाही, माझी कंबर धरते. त्यावर तो असा खेकसला की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. दारावरची मूठ घट्ट धरून बसायची आणि मापांची वही चाळायची. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण सांगणार कोण?

एका रविवारी सासऱ्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जाताना गाडीत काचवाल्यानं बायकोला बजावलं, तिथे कंबरेचं रडगाणं गाऊ नकोस, गाडीबद्दल तर अक्षर काढायचं नाही. ती बरं म्हणाली. सासऱ्यांच्या दारात ही उंच गाडी उभी राहिली तशी सगळी मंडळी बघायला बाहेर आली. बायकोची धाकटी बहीण, म्हणजे साडूची बायको, तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची. भावोजी, तुमची गाडी आता आमच्या गाडीकडे खाली बघते हो, असं ती म्हणाली आणि काचवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जेवणं झाल्यावर साडू त्याच्या शेजारी येऊन बसला. त्या वसाहतीच्या वरच्या अंगाला आता त्यालाही जार पोचवायचे होते, तिथला चढ वाईट, भरल्या गाडीचं पोट घासतं. असलंच खोकं त्यानंही बघून ठेवलं होतं, पण स्वस्तातलं म्हणून मन धजावत नव्हतं. सासरे, सासूबाई, धाकटी, सगळे ऐकत होते.

"साडूबुवा, तुम्ही रोज चालवता," तो म्हणाला. "मला खरं काय ते सांगा. बसवू का?"

बघा आता. वीस वर्षांत पहिल्यांदा! आणि विचारणारा कोण, तर ज्याला सगळं जग विचारतं तो. काचवाल्याच्या डोळ्यांपुढून तडकलेले कोपरे गेले, झिजलेले टायर गेले. जरा थांबा, अजून बघतोय मी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि भरल्या घरात ती उघडायची म्हणजे जीव नको म्हणतो.

"डोळे मिटून बसवा," तो म्हणाला. "एक खुळखुळ नाही."

बायको समोरच बसली होती. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. सासऱ्यांनी त्या दिवशी जावयाला आपल्या शेजारची खुर्ची दिली आणि निघताना फाटकापर्यंत आले. परतीच्या वाटेवर तो शीळ घालत होता, ती खिडकीबाहेर बघत होती.

साडूनं खोकं मागवलं, आतला कागद दोनदा वाचला आणि स्वतःच्या हातांनी ठोकळे बसवले. एकेक बोल्ट आवळून त्यावर खडूची खूण केली. माणूसच तसा.

पुढे तीन आठवड्यांनी काचवाला टायर बदलायला मिस्त्रीकडे गेला. बायको बरोबर होती, दोघांना पुढे मापं घ्यायला जायचं होतं. मिस्त्रीनं गाडी उचलली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर ते हललं. चाकाला वरच्या दांडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी गोळा असतो, बॉल जॉईंट म्हणतात, तो आपल्या खोबणीतून जवळजवळ बाहेर आला होता. ठोकळ्यांमुळे दांडी तिरकी ओढली गेली होती आणि गोळा रोज थोडा थोडा उपसत होता. मिस्त्रीनं तो काढून काचवाल्याला दाखवला, मग त्याला काय वाटलं कोण जाणे, बायकोपुढे धरला.

"वहिनी, हे बघा. अजून पंधरा दिवस गेले असते, नाहीतर पंधरा मिनिटं."

त्यानं दोन्ही बाजूंचे गोळे नवे घातले आणि सांगितलं, ठोकळे काढून टाका, नाहीतर हेही असेच जातील. काचवाला म्हणाला, काढू, हातातली कामं आटपू देत. काढले की गाडी खाली येणार, आणि खाली आलेली गाडी सासऱ्यांच्या दारात उभी राहिली की सगळ्यांना दिसणार, हे त्याच्या मनात होतं.

वाटेत बायको म्हणाली, धाकटीकडे कळवायला हवं. तो म्हणाला, बघतो मी. तिनं पुन्हा विचारलं नाही.

अरे, दोन मिनिटांचं काम! फोन उचलायचा आणि सांगायचं, बाबा, माझा गोळा निघाला, तुझा बघून घे. काचवाल्यानं फोन हातात घेतला नाही असं नाही. दोनदा घेतला. पण सांगायचं म्हणजे त्या रविवारचं सगळं गिळावं लागणार. मग तो मनाशी म्हणाला, साडू काळजीनं वागणारा माणूस, तो आपणहून तपासत असेल. मग म्हणाला, त्याची गाडी नवी आहे, तिला काय होतंय. मग म्हणाला, उद्या करू. अशा दहा उद्या गेल्या.

अकराव्या दिवशी सकाळी साडू धाकटीला शाळेत सोडायला निघाला, मागे जार भरलेले. स्वतःच्याच गल्लीच्या वळणावर, माणूस चालत जाईल इतक्या हळू, पुढचं चाक सांध्यातून सुटून आडवं पडलं. गाडी नाकावर बसली आणि कुंपणाच्या भिंतीवर गेली. साडूला खरचटलंसुद्धा नाही. धाकटीनं पुढे हात टेकला होता, तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण हात पूर्वीसारखा वळेलच असं सांगता येत नाही. चित्रकलेच्या बाईंचा उजवा हात, काय बोलणार.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काचवाला उभा होता आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. सासरे सगळ्यांसमोर साडूला बोलले: इतके जार भरतात का, बायको शेजारी बसलेली असताना तरी गाडी जपून चालवावी. साडू मान खाली घालून ऐकत होता. माझाच एखादा बोल्ट ढिला राहिला असणार, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मग सासरे काचवाल्याकडे वळले. तुम्ही बरं केलंत, म्हणाले, मिस्त्रीकडून बसवून घेतलंत, तुमची गाडी बघा कशी नीट आहे. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते काचवाल्याला तिथे कळलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. त्यानं उघडलं नाही.

त्यानंतर काय व्हावं? सासरचे लोक त्याला विचारायला लागले! मोडलेली गाडी कुठे नेऊ, विमावाल्यांना काय सांगू, धाकटीला दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का. रोज फोन. ज्या मानासाठी तो वीस वर्षं झुरला तो असा आपल्या पायांनी चालत आला, आणि आता फोन वाजला की तो दोन शब्दांत आटपून ठेवून द्यायचा. साडूला आता कोणी काही विचारत नव्हतं. तो घरात बसून असायचा आणि धाकटी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. तिला दुसरी माणसं विचारायची, हात कसा आहे, आणि ती म्हणायची, ह्यांना विचारा, ह्यांनी बोल्ट आवळले होते.

हे सगळं घरी येऊन बायको सांगायची. ती रोज सकाळी बहिणीकडे जायची, स्वयंपाक करायची, तिचं आवरून द्यायची. काचवाला तिला इमारतीखाली सोडायचा आणि वर जायचा नाही. दुकानात जाऊन काच कापायला घ्यायचा आणि रेघ वाकडी जायची. बायको त्याला एका शब्दानंही टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

महिना होत आला तेव्हा सासऱ्यांचा फोन आला. साडू गाडी विकून धंदा बंद करायचं म्हणतोय, मला ह्यापुढे स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणतोय. सासऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? त्याच्या हातात पुन्हा गाडी द्यावी का?" मी उद्या येऊन सांगतो, काचवाला म्हणाला.

सकाळी उठून तो आधी मिस्त्रीकडे गेला आणि चारही ठोकळे काढून घेतले. मग बायकोला घेऊन धाकटीच्या घरी गेला, आणि ह्या खेपेला जिना चढला. चढताना त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. सासऱ्यांना नंतर सांगू, पहिला मान ह्या दोघांचा.

साडू खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. धाकटी खुर्चीवर, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, आणि बायको नेहमीसारखी तिच्या मागे उभी राहून वेणी घालायला लागली. काचवाला बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सांगून टाकलं: बोल्ट ढिला नव्हता, जार जास्त नव्हते, चालवण्यात चूक नव्हती. ठोकळ्यांनीच सांधा उपसला. त्या रविवारी मी खोटं बोललो, तेव्हाच माझ्या काचा तडकत होत्या. आणि अपघाताच्या दहा दिवस आधी माझा सांधा निघाला, तो मी बदलून घेतला आणि तुम्हाला फोन केला नाही. बोलताना त्याची नजर फरशीवर होती.

साडूनं पेपरची घडी घातली.

"मलाही एक मिस्त्री म्हणाला होता, नका बसवू," तो म्हणाला. "मी त्याला सांगितलं, आमचे साडूबुवा रोज चालवतात, ते खोटं कशाला सांगतील."

काचवाल्याला वाटलं, आता धाकटी काय बोलेल ते बोलू दे, शिव्या देऊ दे, दार दाखवू दे. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तू तर रोज बसतेस त्या गाडीत."

बायकोचे हात वेणीत थांबले. काचवाला घाईघाईनं मधे पडला. तिचा ह्यात काही दोष नाही, म्हणाला, मीच तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

"सांगितलं होतं ह्यांनी," बायको म्हणाली. "पण तोंड माझं होतं. तो सांधा मिस्त्रीनं मलाही दाखवला होता."

सगळं आपल्या अंगावर घ्यायला आला होता शहाणा! आपल्या मोठेपणापायी बायकोला आपण कुठे आणून उभं केलं, हे त्याला तेव्हा दिसलं. आणि आता त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

धाकटीनं डावा हात मागे नेला, अर्धी झालेली वेणी बहिणीच्या बोटांतून सोडवून पुढे घेतली. "राहू दे, ताई," म्हणाली. मग नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही घालता का?"

साडू उठला. बायकोनं फणी त्याच्या हातात दिली आणि ती बाजूला झाली. त्याला वेणी घालता येत नव्हती. एक पेड सुटायचा, तो धरेपर्यंत दुसरा सुटायचा, तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. धाकटी मान न हलवता बसली होती. निघा असं कोणी म्हणालं नाही, बसा असंही कोणी म्हणालं नाही. काचवाला आणि त्याची बायको भिंतीशी उभी राहून वेणी पुरी व्हायची वाट बघत राहिली, आणि त्याला तिच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही.